तांब्याचा लोटा, वायनरीतलं ध्यान आणि 'कुणालाही जमेल'

पंचवटीकर: नोकरी सोडून नाशिकच्या गंगापूर धरणाजवळ राहायला गेलेल्यांची ती पोस्ट सगळीकडे फिरतेय. पहाटे अनवाणी गवतावर, तांब्याच्या लोट्यात रात्रभर ठेवलेलं लिंबू-मधाचं पाणी, संध्याकाळी वायनरीत सूर्यास्त बघत ध्यान. इंद्रियसुख, अध्यात्म, पर्यावरण, तिन्ही एकाच फार्महाऊसवर! वर म्हणे हे कुणालाही जमेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीत राबणाऱ्याने अनवाणी कुठे चालायचं, शॉप फ्लोअरवर? आणि शहरात यायला रोज गाडी काढायची ती कुठल्या शाश्वततेत बसते? एकदा गोदाघाटावर या. पानवेली आणि नाल्याचा वास, इंद्रियं आपोआप जागी होतील.

मखमलाबादची सून: एवढं काय झोंबलं? सुख घ्यायला फार्महाऊस लागत नाही हे खरं, पण म्हणून सुख घेणाऱ्यावर तुटून पडायचं? माझ्या सासूबाई आयुष्यभर मळ्यात राबल्या. माठात वाळा आणि अंबाड्यावर मोगरा, हे कधी चुकलं नाही. सावता महाराजांना विठोबा मळ्यातच भेटला ना?

निफाडचा बागायतदार: वायनरीत ध्यान करणाऱ्यांनी ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा द्राक्षबागेत यावं. रात्री पाऊस पडला की पहाटे डाऊनी बुरशीच्या भीतीने फवारणीचा ब्लोअर जोडावा लागतो. हवेला कसला सुगंध असतो ते तेव्हा कळेल. भाव पडला की ध्यान आपोआप लागतं.

निवृत्त मास्तर: बाकी तुमचं चालू द्या. लिंबूपाणी तांब्यात रात्रभर ठेवू नका! आंबटात तांबं उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. साधं पाणी ठेवा.

गोदापुत्र: आले विज्ञानवाले. पिढ्यानपिढ्या तांब्या-पितळेत खाल्लं, कोण मेलं?

निवृत्त मास्तर: पिढ्यानपिढ्या कल्हई करून खाल्लं. भांडं तापवायचं, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा. आमच्याकडे एकदा लग्नात कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात कढी केली आणि अर्धी पंगत संडासाच्या रांगेत. व्याह्यांसकट.

गोदापुत्र: एका कढीवरून संस्कृती मोडीत काढा. नॉनस्टिकमध्ये अमृत असतं वाटतं?

निफाडचा बागायतदार: तांबं एवढं पवित्र असेल तर आमच्याकडे या. बोर्डो म्हणजे मोरचूद, तांब्याचाच क्षार, आणि चुना; फवारून सगळी बाग निळी करतो. ते सेंद्रियवाल्यांनाही चालतं बरं का.

सिडकोची ताई: भांड्यांवर एवढं बोलताय, ती घासतं कोण? चिंच-मीठ लावून माझे हात सोलले. तेव्हा घरातला एकही पुरुष पर्यावरणाचं नाव काढत नव्हता. त्या पोस्टमधला लोटा कामवाल्या मावशीच घासत असणार. त्यांचं अध्यात्म कोणी विचारलं?

गोदापुत्र: सगळीकडे बाई-पुरुष आणायलाच हवं का?

सिडकोची ताई: आजपासून तुम्ही घासा, नाही आणत.

पंचवटीकर: सूनबाई, मोगरा मान्य. तुमच्या सासूबाईंनी तो फुकटात माळला आणि कुणाला शिकवायला निघाल्या नाहीत.

मखमलाबादची सून: उपकार झाले. त्या पोस्टवाल्यांनी निदान फोन बाजूला ठेवून सूर्यास्त बघितला. तुम्ही सकाळपासून इथे भांडताय.

पंचवटीकर: फोन बाजूला ठेवला तर फोटो कुणी काढला?

सिडकोची ताई: ते सोडा. मास्तर, कल्हईवाला कुठे मिळेल? सासूबाईंचा पितळी डबा माळ्यावर पडलाय.

निवृत्त मास्तर: भांडी बाजारात चौकशी करा. आणि आधी भाव ठरवा.