रक्ततपासणी आहे, मग एमआरआय कशाला?

हंटिंग्टन हा मेंदू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. तो रक्तातल्या जनुकचाचणीतच कळतो, मग त्यावर पीएचडी करताना चार-पाच वर्षं एमआरआयवर का घालवायची, हा प्रश्न रास्त आहे. पण चाचणी फक्त 'होणार' एवढंच सांगते. १९९३ साली जनुक सापडलं. त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ ४० किंवा जास्त वेळा आली की आजार जवळपास अटळ. कधी होणार, ते मात्र त्या आकड्यावरून मोघमच कळतं. औषध लागू पडतंय का, हे तर मुळीच नाही.

एमआरआयमध्ये मेंदू मात्र बदलताना दिसतो. लंडन, पॅरिस, लायडन आणि व्हँकुव्हरच्या ट्रॅक-एचडी या हंटिंग्टनवरच्या अभ्यासात, जनुकात दोष असूनही अजून लक्षणं नसलेल्यांचेही कॉडेट आणि पुटामेन हे खोलवरचे भाग आक्रसत चाललेले दिसले.

काम चकचकीत नाही हो! मिलिमीटरभर जाडीच्या चकत्यांमध्ये कॉडेटची कड शोधत बसायचं. शेजारच्या पोकळीतलं पाणी काळं दिसतं, म्हणून ती बाजू सोपी. खालची बाजू कुठे संपते ते ठरवताना डोळे दुखतात, आणि सॉफ्टवेअरही नेमकं तिथेच गडबडतं. त्यात या आजारात अंग आपोआप हलतं. डोकं जरा हललं की चित्र धूसर, आणि नसलेली झीज दिसायला लागते.

आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. तरी कित्येकांना स्वतःचा निकाल नकोच असतो. अशा माणसानं मशीनमधून उतरता उतरता "काय दिसलं हो?" विचारलं तर काय बोलायचं, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.