क्लच घसरतोय, घरी बदलता येईल का?

प्रश्न: जुनी गाडी, केबलचा क्लच. चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की आरपीएम चढतो, वेग तेवढाच. क्लच प्लेट गेली का?

उत्तर १: आधी पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधी पेडल मोकळं दबतं ते अंतर) बघा. केबल फार घट्ट असेल तर नवी प्लेटही घसरेल. प्ले ठीक असेल तर प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी), रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं) एकदमच बदला. गिअरबॉक्स दोनदा कोण उतरवणार?

उत्तर २: बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कवचात) इंजिन ऑइल दिसलं तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सीलही बदला. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळा. स्प्लाइनला (गिअरबॉक्स शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस अगदी पुसट, जास्तीचं उडून प्लेटवर जातं. बसवताना गिअरबॉक्स शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा मधला हब वाकतो.

उत्तर ३: आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.