१९७३ची प्रीमियर प्रेसिडेंट : 'दुर्मीळ' म्हणून किंमत वाढते का?

सुरसागर_७३

नमस्कार मंडळी. बडोद्यात रावपुऱ्याला आमच्या घराच्या पडवीत आजोबांची १९७३ची फियाट उभी आहे. त्यांनीच नवी घेतलेली, गेली अकरा वर्षं बंद. आरसी बुकात 'प्रीमियर प्रेसिडेंट' लिहिलंय, पण डिकीवर पाटी 'पद्मिनी'ची. बाबा सांगतात, १९८६च्या सुमारास मागून टेम्पोने ठोकली होती. तेव्हा डेंटिंगवाल्याने मिळाली ती पाटी लावून दिली.

गेल्या आठवड्यात एक दलाल आला. म्हणे प्रेसिडेंट फार दुर्मीळ. तो गाडी 'टॉप मॉडेल' करून देणार, म्हणजे नवी सीट, जास्तीचं क्रोम, फॉग लॅम्प, अलॉय व्हील. मग दुप्पट भाव येईल. नाहीतर आहे तशी दोन लाख रोख. घर दुरुस्तीला काढलंय, पडवी रिकामी करायची आहे. मॉडेल आणि दुर्मीळपणा यांचा किमतीशी नेमका संबंध काय, कुणी सांगेल का?

दांडियाबाजारचा_फियाटवाला

दादा, आधी एक करा. त्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नका.

प्रीमियर म्हणजे आपल्याकडे फियाट बनवणारी कंपनी. तिची फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून. पुढे तीच गाडी प्रेसिडेंट नावाने विकली गेली आणि १९७४ला तिची पद्मिनी झाली. पद्मिनी २५ वर्षांहून जास्त चालली, प्रेसिडेंट हे नाव जेमतेम एक-दोन वर्षं. म्हणून नाव दुर्मीळ, हे खरं. पण खाली इंजिन तेच १०८९ सीसीचं, गिअर तोच स्टिअरिंगवरचा. प्रेसिडेंट काही वरच्या दर्जाची गाडी नव्हती. तुमच्या गाडीचा दुर्मीळपणा आहे तो आरसी बुकात आणि एका पाटीत. पद्मिनीच्या डिकीचं झाकण आणून त्यावर प्रेसिडेंटची पाटी कुणीही ठोकू शकतो, त्यामुळे घेणारा जाणकार असेल तर पाटीकडे बघतच नाही. तो पुरावा मागतो.

तो पुरावा घरीच शोधा. डिकी उघडा आणि झाकणाच्या आतल्या बाजूने टॉर्चचा उजेड तिरपा मारा. पाटीच्या पिना ज्या भोकांत बसतात ती आतून दिसतात. पद्मिनीच्या भोकांशेजारी लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली आणखी भोकं असतील तर झाकण मूळचं आहे. बोट फिरवा, बुजवलेल्या जागी पत्रा किंचित उंच लागतो. मग रबर मॅटखालचा रंग आरसीतल्या रंगाशी ताडून बघा आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर स्वतः वाचा.

हे कळकळीने सांगतोय, कारण मी उलटं करून बसलोय. वडिलांची १९६७ची डिलाइट. १९९८ मध्ये मी तिची सजावट केली. नवे व्हील कप (चाकांच्या मधल्या झाकण्या), नवं अपहोल्स्ट्री, आणि जुनं सगळं भंगारात. बाबा काही बोलले नाहीत, नुसतं बघत राहिले. पुढे मूळचे चार कप शोधायला नऊ वर्षं गेली. तीन मिळाले. चौथा आजही दुसऱ्या मॉडेलचा आहे, आणि गाडी बघायला आलेला प्रत्येक जाणकार आधी त्याच चाकापाशी वाकतो. पत्रा ठोकून बनवता येतो, इंजिनाचे पार्ट पद्मिनीमुळे अजून मिळतात, पण त्या त्या वर्षाच्या बारीक वस्तू गेल्या की गेल्या. वरच्या मॉडेलला जास्त भाव येतो तो याच वस्तूंमुळे, त्या मुळात लागलेल्या असतील तर. आपण नंतर चढवलेलं क्रोम किमतीत धरत नाहीत. ते काढायचा खर्च वजा करतात.

अमेरिकेतही हाच घोळ आहे. १९६४ आणि १९६५ला पोंटियाक जीटीओ ही ले मान्स गाडीवर जास्तीचे पैसे देऊन घ्यायची एक ऑप्शन होती. चेसिस नंबरवरून जीटीओ ओळखूच येत नाही. त्यामुळे साध्या ले मान्सच्या कितीतरी जीटीओ 'बनवल्या' गेल्या, आणि तिथे खरा भाव कारखान्याच्या कागदाला आहे.

इंदूरकर_माणिकबाग

काकांशी बहुतेक सहमत, पण एक भर घालतो. कमी बनली म्हणजे महाग, असं नाही. मागणारा लागतो. १९५७च्या शेव्हरोलेत १५०, टू-टेन आणि बेल एअर अशा तीन पायऱ्या होत्या. १५० सगळ्यात साधी. पोलिसांनी, कंपन्यांनी राबवून संपवली. तरी लोकांचा जीव बेल एअरवर, त्यातही उघडणाऱ्या टपाच्या कन्व्हर्टिबलवर. आणि आमच्या इंदूरच्या महाराजा यशवंतराव होळकरांची (दुसरे) १९३०च्या दशकातली ड्यूसेनबर्ग ही अमेरिकन आलिशान गाडी, लंडनच्या गर्नी नटिंगने बॉडी बांधलेली, तिची गोष्टच वेगळी. तिथे गाडी, बांधणारा आणि मालक तिन्ही एकाच ठिकाणी आले. चार दारांच्या घरगुती फियाटकडून तशी अपेक्षा धरू नका. मात्र एक मालक, एक शहर, पहिल्यापासूनचे कागद, यालाही भाव आहे आणि दलालाने तो मोजलेला दिसत नाही.

२०२१चा केंद्राचा नियमही बघा. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची ५० पूर्ण झाली आहेत. मात्र रोजच्या वापराला ती चालणार नाही.

सुरसागर_७३

आज सकाळी बघितलं. झाकणाला आतून बुजवलेली भोकं आहेत, पद्मिनीच्या भोकांच्या थोडी वर. बोटाला लागतात! मॅटखाली राखाडी रंग, आरसीतही राखाडीच. इंजिन नंबर जुळतो. आईने आजोबांची फाइल काढून दिली, त्यात १९७३ची विम्याची पावती आहे. दलालाला नाही कळवलं. आता प्रेसिडेंटची पाटी शोधून लावू का?

दांडियाबाजारचा_फियाटवाला

वा! त्या पावतीला लॅमिनेशन करू नका, नुसती प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पाटी सावकाश शोधू, मिळाली तर जुन्याच भोकांत बसवू. पद्मिनीची पाटी मात्र टाकू नका. १९८६ पासून ती याच गाडीवर आहे, घरात राहू द्या.

आणि कुणी कितीही म्हणो, सेल्फ मारू नका. अकरा वर्षं बंद इंजिन आहे. चारही प्लग काढून आत चमचा चमचा ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. रविवारी सकाळी मी रावपुऱ्याला येतो, आधी हाताने फिरवून बघू.