म्हणे, आर्क्टोस हा ऋक्षाचा अपभ्रंश!

तळटीप
कालपासून सगळ्या ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय: ‘ग्रीक आर्क्टोस, लॅटिन उर्सुस हे अस्वलाचे शब्द आपल्या ऋक्षाचेच अपभ्रंश. आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत-ग्रीक-लॅटिनची म्हणतात ती पूर्वज भाषा, कुणी बोललेलीच नाही, ती युरोपियनांनी कागदावर रचली.’ खाली नुसते हात जोडलेले.

अहो, अपभ्रंश म्हणता, तर आर्क्टोसमधला त आला कुठून? ऋक्षात त औषधालाही नाही. आपला तक्षन् म्हणजे सुतार, तो ग्रीकात तेक्तोन. तिथेही क्षच्या जागी क-त. हा योगायोग नाही, नियम आहे. मुळात त आधी आणि क नंतर असणार, असा हिशेब निघतो. आणि जुन्या तुर्कस्तानातल्या हित्ती भाषेत शब्द सापडतो हर्तग्ग! त आधी, शिवाय संस्कृतात झडलेला सुरुवातीचा ह शाबूत. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने १८७९च्या पुस्तकात असे लुप्त ध्वनी निव्वळ हिशेबाने मांडले होते. हित्ती भाषा उलगडली १९१५त, आणि १९२७त कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने ते ध्वनी तिच्यातल्या ह मध्ये दाखवले. कागदावर रचलेली भाषा तुर्कस्तानातल्या मातीच्या पाट्यांवर कशी उमटली?

गोदातीर
हर्तग्ग म्हणजे अस्वलच, हे छातीठोकपणे कोण सांगतं? काही अभ्यासक ‘हिंस्र जनावर’ एवढ्यावरच थांबतात. ते सोयीस्करपणे गाळलंत. आणि शतपथ ब्राह्मण स्पष्ट सांगतं की सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत. ग्रीकांनीही त्याच ताऱ्यांना आर्क्टोस म्हटलं. आता उचललं कुणी?

तळटीप
कुणीच नाही. दोघांना एकाच आजीकडून मिळालं. उचललं असतं तर ह्रस्व-दीर्घासकट नियम पाळून उचलतात का?

ओवीकार
तुम्ही ऋक्षावरून भांडा. मराठीत अस्वल म्हणतात, ते प्राकृतातल्या अच्छभल्लवरून. अभिजात दर्जा मिळाला तरी प्राकृताचं नाव घ्यायला लोकांचा जीव जातो!

गोदातीर
आणि त्यातलं अच्छ? ऋक्षातूनच ना? झालं समाधान?

ओवीकार
झालं तर! प्रत्येक धाग्यावर शेवटी ‘संस्कृतातूनच ना’ हेच ऐकायचं. चालू द्या.

मोहफूल
खरी गंमत वेगळीच आहे. रशियनांनी मूळ शब्दच टाकून दिला. मेद्वेद म्हणजे मध खाणारा. (ऋग्वेदात हुबेहूब मध्वद आहे, पण तिथे तो पक्ष्यांसाठी.) इंग्रजी बेअर म्हणजे बहुधा ‘तपकिरी’. नाव घेतलं तर येईल, ही भीती.

गोदातीर
भीती म्हणे! सगळ्यात सोपं उत्तर. काही अडलं की आदिमानव घाबरला.

मोहफूल
माझे मामा मेळघाटात पहाटे मोहफुलं वेचायला जायचे. खाली वाकलेले असताना अस्वल अंगावर आलं, खांद्याचं मांस सोलून निघालं. त्यानंतर घरात कुणी अस्वल म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. ‘तो काळा’ म्हणायचं. घरी बसून तुम्हाला काय कळणार?

रापण
यात नवल कसलं? आमच्या कोकणात रात्री साप म्हणून बघा, आजी तोंडात मारील. जिवाणू म्हणायचं.

भीमथडी
आमच्याकडं लांबडं. नाहीतर नुसतं जनावर. ‘पडवीत जनावर निघालंय’ म्हटलं की कुणी बैल शोधत नाही.

रापण
लांबडं आम्हीपण म्हणतो, फक्त तुमचाच नाही हां तो.

भीमथडी
मी कुठं सातबारा दाखवला?

गोदातीर
साप पुरे! पण बघा, तुमच्याच उदाहरणाने तुमचं कोसळलं. रात्री न म्हणूनही साप हा शब्द मेला का? दिवसा सगळे म्हणतातच. मग रशियनांचाच कसा मेला?

तळटीप
अहो, साप हाच बदली कामगार आहे! सर्प म्हणजे सरपटणारा, लॅटिनचा सर्पेन्सही तोच. जुना शब्द अहि, जुन्या इराणी अवेस्तात अझि, ग्रीकात ओफिस. आज मराठीत कोण म्हणतं, ‘परसात अही निघाला’? उरलाय फक्त अहिनकुलात.

ओवीकार
घ्या. शेवटी आलात ना संस्कृतावर?

गोदातीर
बरं, अहीचं मानलं, मोठे पंडित आपण. हर्तग्गचं मानत नाही. आणि नावाच्या भीतीचंच म्हणाल, तर ग्रीकांनी आर्क्टोस का नाही टाकला? ग्रीसच्या आर्काडिया प्रांतातली अस्वलं काय पाळीव होती?