मदत हवी आहे: ऑफ-सीझनचा सराव, कंपनी आणि घर, तिन्ही कसं जमवताय?

तीन_तिघाडा | रात्री ११:४८
नमस्कार मंडळी. वेळ नाही म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

गोव्याची अर्धी ट्रायथलॉन नुकतीच पूर्ण केली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. ७ तास ५१ मिनिटं. आता ऑफ-सीझन, म्हणजे रेस नसलेले महिने. सगळे म्हणतात बेस बनवा, म्हणजे हळू सरावानं दमाचा पाया घाला, म्हणून आठवड्याला १० तासांचा प्लॅन केला. भिंतीवर चिकटवलाय. दोन आठवड्यांत कसेबसे चार-चार तास झाले. एकदा डोळाच उघडला नाही, एकदा पाहुणे, एकदा घरात वाजलं. पोहणं तर शून्य.

नोकरी, घर सांभाळून तुम्ही १० तास कुठून काढता? "मॅनेज होतं" हे उत्तर नको. नेमकं सांगा. अर्जंट आहे.

सायकलवाले_बापू | सकाळी ५:०२
अर्जंट कसलं? पहाटे चारला उठायचं. मी १२ वर्षं उठतोय. सात वाजता जग चहा पितं तेव्हा माझं सगळं उरकलेलं असतं. रात्री नऊला झोप, टीव्ही बंद, मोबाईल बंद. एवढं जमत नसेल तर बाकी चर्चा व्यर्थ.

गोगलगाय | सकाळी ७:३०
थोडी माहिती द्याल का? वय, कामाची वेळ, मुलं किती नि केवढी, रेस होऊन नेमके किती दिवस झाले, पुढची रेस कोणती आणि कधी. याशिवाय सांगणं म्हणजे अंधारात तीर.

तीन_तिघाडा | सकाळी ७:४१
वय ३८. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कंपनीत आहे. मुलं दोन. रेस होऊन अडीच आठवडे झाले. आता सांगा.

गोगलगाय | सकाळी ७:५५
अडीच आठवडे!! म्हणजे रेसच्या तिसऱ्या दिवशीच तुम्ही भिंतीवर तक्ता चिकटवला. अहो, पहिले दोन-तीन आठवडे तक्ता, घड्याळ काही नको. मन झालं तर मुलाला घेऊन सायकलवर चक्कर मारा, नाही झालं तर झोपा. एवढ्या सुट्टीत दम थोडा घटतो, पण तो बराचसा रक्तातला प्लाझ्मा कमी झाल्यामुळे, आणि पुन्हा सुरू केलं की लवकर परत येतो. डोळा उघडत नाही यात आळस नाही, शरीर पावती फाडतंय.

कडक_भाकरी | सकाळी ९:१०
का बे, एमआयडीसी म्हणजे शिफ्ट असणार की. जनरल आहे का तुला?

तीन_तिघाडा | सकाळी ९:३२
शिफ्टच आहे की. ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७. दर आठवड्याला बदलते. लिहिलं नव्हतं का?

कडक_भाकरी | सकाळी ९:३४
नाही लिहिलास. बापू, आता तुमच्या चारच्या गजराचं काय करायचं? नाइटला हा चार वाजता मशीनसमोर उभा असतोय.

सायकलवाले_बापू | सकाळी ९:५०
इच्छा असेल तर मार्ग निघतो. नाइट सुटली की सातला तसंच कंपनीतून सायकल काढायची. तुळजापूर रोडनं हिप्परग्याच्या तलावापर्यंत जाऊन यायचं. सूर्य नुकताच वर आलेला, पाण्यावर पक्षी. झोप आपोआप उडते.

गोगलगाय | सकाळी १०:०५
बापू, हा सल्ला कृपया मागे घ्या. रात्रभर जागलेल्या माणसाला हायवेवर सायकल चालवायला सांगताय. शेजारून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. पक्षी बघता बघता एक डुलकी लागली की संपलं. नाइटच्या आठवड्यात आधी झोप, मग दुपारी अर्धा तास हलकं पळणं किंवा घरच्या घरी व्यायाम. जोराचा सराव त्या आठवड्यात अजिबात नको.

वॅट_वाघ | सकाळी ११:२०
मूळ चूक वेगळीच आहे. वेळ कमी असणाऱ्यानं बेस-बिस करूच नये. हळू हळू तासन्‌तास चालवणं हा रिकाम्या माणसांचा छंद. आधी एफटीपी, म्हणजे सायकलवर तासभर टिकेल एवढी ताकद, वॅटमध्ये काढा: २० मिनिटं जीव तोडून सायकल मारायची, सरासरी वॅटच्या ९५ टक्के धरायचे. मग आठवड्यात दोनदा त्याच्या ९० टक्क्यांवर १५-१५ मिनिटांचे दोन तुकडे. सगळं धरून तासाभराचं काम. चार तासांत दहा तासांचा फायदा.

गोगलगाय | सकाळी ११:४४
"चार तासांत दहाचा फायदा" हे वाक्य मी भिशीवाल्यांकडूनही ऐकलंय. झोप अर्धवट, शिफ्ट बदलती, रेसचा शीण अंगात. अशा माणसाला आठवड्यात दोन जोराचे सराव दिले की महिनाभरात एक तर सर्दी नाही तर गुडघा. बहुतेक सराव असा हवा की पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत.

वॅट_वाघ | सकाळी ११:५१
आठवड्याला १२-१५ तास असतील तर मान्य. चारच तास असतील आणि तेही गप्पा मारत, तर त्याला फिरायला जाणं म्हणतात.

कडक_भाकरी | दुपारी १२:१५
माझी आई बासष्टची आहे. कोजागिरीला सोलापुरातून चालत तुळजापूरला जाते, ४५ किलोमीटर, साध्या चपलेवर. एनर्जी जेल नाही, वॅट नाही, आणि सगळ्या वाटेत बोलत असते. तिच्या चालण्याचा जोर कुठल्या झोनमधला धरायचा, वाघोबा?

कोथरूडकर | दुपारी १:०२
पोहणं शून्य का? आमच्याकडे गरम पाण्याचे पूल आहेत, पहाटे साडेपाचची बॅच असते, कोच असतो. असा एखादा क्लब जॉइन करा. एकट्यानं होत नाही हे.

कडक_भाकरी | दुपारी १:०६
आलं पुणं. कुणी तरी पाट मांडा.

तीन_तिघाडा | दुपारी ३:२०
मी जात होतो तो तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे. दुसरा लांब आहे आणि त्याच्या वेळा शिफ्टशी जमत नाहीत.

कूपमंडूक | दुपारी ३:४५
विहीर!! पाठीला डबा बांधून आपण सगळे विहिरीतच शिकलो ना? यंदा पाऊस झालाय, काठोकाठ पाणी आहे. माझी मोहोळजवळ आहे, ५० फूट रुंद. गोल गोल पोहा, भिंतीला हात लावून वळा. १०० चकरा मारल्या की बघा खांदे कसे होतात. क्लोरीन नाही, फी नाही. वर आल्यावर गरम भाकरी.

गोगलगाय | दुपारी ४:००
वर कुणी उभं नसताना विहिरीत उतरू नका, कितीही पट्टीचे पोहणारे असलात तरी. आणि पोहणं दोन महिने बंद राहिलं तरी आकाश कोसळत नाही. रबरी ट्यूब दाराच्या कडीला बांधून आठवड्यात तीनदा दहा-दहा मिनिटं हात ओढा. तलाव उघडला की लांबी वाढवू नका, आधी फक्त श्वास आणि हाताची पकड सुधारा. ऑफ-सीझनला हेच काम असतं.

तुम्ही दोन गोष्टी अजून सांगितल्या नाहीत. पुढची रेस कोणती? आणि मुलं केवढी?

आरोग्यमित्र_आण्णा | दुपारी ४:३०
रोज सकाळी अनशापोटी मेथीदाणे घ्यावेत. सांधे दुखत नाहीत.

कडक_भाकरी | दुपारी ४:३३
आण्णा, सांधे दुखतायत असं कोण म्हणालं?

आरोग्यमित्र_आण्णा | दुपारी ४:५०
दुखतील.

रेणुका_व | संध्याकाळी ६:१५
मी ट्रायथलॉनवाली नाही. आमच्याकडे नवरा मॅरेथॉन पळतो, त्यामुळे घरात बसून हा खेळ मी पाच वर्षं खेळतेय. तुम्ही "घरात वाजलं" असं अर्ध्या ओळीत उरकलंत. कशावरून वाजलं ते लिहा. दहा तासांचं उत्तर तिथंच असणार.

तीन_तिघाडा | रात्री ११:३५
सेकंड शिफ्ट करून आत्ता आलो. लिहितो.

मुलगी सात वर्षांची, मुलगा दीड. बायको झेडपीच्या शाळेत आहे, साडेआठला निघते. आई सोबत असते, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून महिनाभर ती पोराला उचलत नाही.

वाजलं ते पाण्यावरून. आमच्या भागात नळ चार दिवसांआड येतो. सराव करून आलो की एक आंघोळ, कंपनीतून आलो की दुसरी, वर सायकलचे घामट कपडे लगेच धुवायचे. परवा सकाळी मी अंगाला साबण लावलेला आणि बादली संपली. टाकीचं झाकण उघडून बघितलं तर तळ. बायकोनं पोराच्या दुधाच्या बाटल्या धुवायला ठेवलेली कळशी उंबऱ्यावर आणून ठेवली आणि म्हणाली, "घ्या, बेस बनवा."

दुसरं ट्रेनरचं, म्हणजे सायकल घरात जागेवर चालवायच्या स्टँडचं. पहाटे घरात ट्रेनरवर सायकल लावली की घूंऽऽ आवाज होतो, पोरगं उठतं. आवाज कमी व्हावा म्हणून खाली चादर चार पदरी घालत होतो. ती नेमकी आईची निघाली, तिच्या लग्नातली. घामानं मध्ये पांढरे डाग पडलेत. आई काही बोलली नाही, नुसती उन्हात घालून आली.

रेणुका_व | सकाळी ६:५०
आता कळलं. दहा तास घड्याळातून काढायचे म्हणताय, पण तुमच्या घरात ते पाण्याच्या टाकीतून, आईंच्या डोळ्यांतून आणि बायकोच्या झोपेतून निघतात. तुम्ही पहाटे उठता तेव्हा पोर कुणाजवळ रडतं? आणि बायकोला साडेआठला डबे भरून निघायचं असतं.

आमच्याकडे हे केलं: रविवारी रात्री दोघं कॅलेंडर घेऊन बसतो. आधी माझ्या दोन वेळा लिहायच्या, ज्यांत मी घरात नाही, मग त्याच्या. आधी माझ्या, हे महत्त्वाचं. आणि पळणं आंघोळीच्या आधी असेल तरच. दिवसाला आंघोळ एकच.

कडक_भाकरी | सकाळी ७:१५
आईच्या लग्नातली चादर ट्रेनरखाली. तुला नरकात पण सेकंड शिफ्टच लागणार बघ. जुन्या बाजारात रबरी मॅट मिळते, ती आण आजच.

वॅट_वाघ | सकाळी ९:००
ट्रेनर कोणता आहे? टायरवर रोलर घासणारा असेल तर आवाज होणारच. डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, मागचं चाक काढून सायकल थेट जोडायचा, पाते फिरल्यासारखा बारीक आवाज येतो. थोडा महाग आहे, पण वॅटही अचूक दाखवतो.

रेणुका_व | सकाळी ९:०४
माणसाच्या घरात पाणी नाही आणि तुम्ही त्याला ट्रेनर विकताय.

गोगलगाय | सकाळी ९:३०
ठीक. आता आकडे बोलू. जानेवारीअखेरपर्यंत आठवड्याला पाच तास, त्याच्या वर एक मिनिट नाही.

पहिली शिफ्ट: दुपारी तीनला सुटल्यावर कंपनीतूनच ४० मिनिटं पळा, घामासकट घरी, मग एकच आंघोळ. असं दोनदा. सेकंड शिफ्ट: बायको शाळेत गेल्यावर पोर तुमच्याकडे. त्याला पाळण्यात घालून शेजारी स्क्वॉट, लंज, प्लँक, २५ मिनिटं. नाइट: झोप. सुट्टीच्या दिवशी एक लांब सायकल, दोन-अडीच तास, आणि साडेनऊला घरात म्हणजे घरात. आमच्या खेळात फसवणूक इथंच होते, अडीच तासांची राइड नाष्टा-फोटो धरून साडेचारची होते.

पण पुढच्या रेसचं अजून सांगितलं नाहीत. तिसऱ्यांदा विचारतोय.

नंदीध्वज_सेवक | सकाळी १०:१०
जिम कशाला पाहिजे? गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा तोंडावर आलीय, नंदीध्वजाची उंच काठी पेलायचा सराव चालूच आहे. संध्याकाळी या. कंबर, पाठ, मांड्या एका तासात बोलायला लागतात. तुमचं प्लँक ज्यानं काढलं त्यानं यात्रेचा पांढरा बाराबंदी अंगरखा घालून ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला एकदा काठी खांद्याजवळ घेऊन बघावी.

कोथरूडकर | सकाळी १०:४०
हे इंटरेस्टिंग आहे. बाहेरच्या माणसाला सरावाला येता येतं का?

नंदीध्वज_सेवक | सकाळी १०:४४
बघायला या, संक्रांतीला. पेलायला मान लागतो.

सायकलवाले_बापू | सकाळी ११:००
मला एक पटत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीच सोलापुरातली सायकल चालवायची हवा. तेव्हा तुम्ही विश्रांती घेणार आणि एप्रिलात पारा ४२ वर गेला की सराव वाढवणार? बर्फ पडणाऱ्यांचं कॅलेंडर आपण कशाला वापरायचं? खरा ऑफ-सीझन मे महिन्यात असावा.

गोगलगाय | सकाळी ११:२०
बापू, हे मात्र शंभर टक्के बरोबर. रेस कधी यावर अवलंबून आहे. म्हणून तर विचारतोय.

तीन_तिघाडा | दुपारी २:१५
फुल, म्हणजे पूर्ण ट्रायथलॉन आहे. ३.८, १८०, ४२.२. परदेशात, पुढच्या नोव्हेंबरात. फी भरली. गोव्याच्या रात्रीच भरली, हॉटेलात, मेडल गळ्यात होतं.

घरी सांगितलं नाही.

कडक_भाकरी | दुपारी २:१६
आई गं.

वॅट_वाघ | दुपारी २:२०
अभिनंदन! मग एफटीपी टेस्ट याच आठवड्यात करा.

रेणुका_व | दुपारी २:२२
वाघ, गप्प बसा. तिघाडा, आज सांगा. भिंतीवरच्या तक्त्यावरून तिनं आधीच ओळखलं असेल.

गोगलगाय | दुपारी २:४०
एक चांगली बातमी: नोव्हेंबर म्हणजे वर्ष आहे. फुलचा खास सराव साधारण २४ आठवड्यांचा, म्हणजे तुमचा खरा भार जूनपासून. शेवटच्या महिन्यांत आठवड्याला १२ तास तरी लागतील. ते घरात मागायचेत, तर आत्ता पाच-पाच तासांत भागवा, आणि आईंचे डोळे बरे होईपर्यंत पोराला तुम्हीच उचला.

तीन_तिघाडा | दुसऱ्या दिवशी सकाळी ८:५०
सांगितलं. रात्री साडेअकराला, ती वह्या तपासत होती. तिनं पेन खाली ठेवलं नाही. विचारलं, "फी परत मिळते का?" मी म्हणालो, काही टक्के, ठरावीक तारखेच्या आत. ती म्हणाली, "तारीख कॅलेंडरवर लिहा. तोवर मी बघते."

सकाळी तक्ता काढला. मागे सेलोटेपनं भिंतीचा रंग निघालाय. मॅट आणायला निघतोय. तारखेच्या आधी दोन महिने आहेत, आणि पाचच तास करतोय. पण गोगलगाय, सेकंड शिफ्टचं गणित बसत नाही, दीड वर्षाचं पोरगं पाळण्यात थांबत नाही हो.

गोगलगाय | सकाळी ९:०५
मग त्यालाच पाठीवर घेऊन स्क्वॉट मारा. साधारण दहा किलो असेल, वजनही आयतं.

नवीन_सायकलस्वार | सकाळी ९:४०
नमस्कार. मला पण सायकल घ्यायची आहे, बजेट १५ हजार, कामावर जायला. गिअरची घ्यावी की साधी? इथेच विचारू की नवीन धागा काढू?