आई गेल्यापासून उदास गाणीच ऐकावीशी वाटतात, हे चुकतंय का?

फोंडेकरीण: मे महिन्यात आई गेली. तेव्हापासून रात्री जेवणं आटोपली की हेडफोन लावून अभिषेकीबुवा नाहीतर जुने मांडो, आपली गोव्याची कोंकणी गाणी, ऐकत बसते, रडू येतं पण मग छाती हलकी होते आणि झोपही लागते. नवरा म्हणतो असलं ऐकून आणखी खचशील. खरंच तसं होतं का?

म्हापशाची ताई: अगं रडू दे गो. २०१४ साली तारुफी आणि कोल्श या संशोधकांनी ७७२ जणांना ऑनलाईन प्रश्न विचारले होते, दुःखी संगीत ऐकून काय वाटतं म्हणून, तर सगळ्यात जास्त लोकांनी नुसतं दुःख नाही, जुन्या आठवणींची ओढ असं सांगितलं. मांडोत तेच तर असतं, घुमटाचा मातीचा ढोल आणि व्हायोलिन सुरू झालं की मला आजीचं अंगण दिसतं.

डिचोलीकर: ताईंचं पटतं, पण माझा अनुभव वेगळा. नोकरी गेली तेव्हा एकच गाणं रात्रभर लावायचो आणि डोक्यात तेच तेच विचार फिरायचे, सकाळी उठवत नसे. ज्यांना असं घोळत बसायची सवय असते त्यांचं मन अशा गाण्यांनी जास्त खाली जाऊ शकतं. म्हणून गाणं संपल्यावर कसं वाटतं ते बघा. हलकं वाटत असेल तर खुशाल ऐका, पण झोप, भूक उडाली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, मी उशीर केला होता.

फोंडेकरीण: हलकंच वाटतं दादा. आज नवऱ्यालाही एक हेडफोन देते.