मदत हवी आहे: ² छापतो, ₂ आला की आपटतो!

घाईतला: तीन तास डोकं फोडतोय. प्रोग्रॅम स्क्रीनवर सगळं नीट छापतो, फाइलमध्ये घेतलं की मधेच मरतो. 'm²' असलेल्या ओळी येतात, 'CO₂' आला की खेळ खलास. आज द्यायचंय. लवकर सांगा.

खटपट्या: भाषा कोणती? विंडोज की लिनक्स? एरर काय? आम्ही काय अंतर्ज्ञानी आहोत?

कंट्रोलझेड: सोप्पंय. अंक सिलेक्ट करा, कंट्रोल आणि बरोबरचं चिन्ह दाबा. खाली जातो. सोबत शिफ्ट दाबलं तर वर.

खटपट्या: अहो, ते वर्डमध्ये!

लाटेकभक्त: साध्या टेक्स्टमध्ये हे करायचंच कशाला? लाटेक (सूत्रं नीट मांडणारं सॉफ्टवेअर) वापरा, पीडीएफ काढा.

घाईतला: पायथन, अजून काय. विंडोज. एररमध्ये 'चारमॅप' असं काहीतरी आहे. फाँट बदलून पाहिला.

पेंग्विन: लिनक्स टाका, ही भानगडच नाही.

टिंबटिंब: फाँटचा दोष नाही. फाँटमध्ये चिन्ह नसलं तर चौकोन दिसतो, प्रोग्रॅम मरत नाही. फाइलमध्ये घेताय कसं? कोडमधून, की कमांडपुढे > लावून?

घाईतला: > लावून.

टिंबटिंब: हे आधी सांगायचं ना! पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलला (कमांडच्या खिडकीला) थेट युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांचा सामाईक संच) देतं, म्हणून स्क्रीनवर दिसतं. फाइलकडे वळवलं की जुनं कोडपेज (मोजक्याच चिन्हांचा तक्ता) धरतं, तुमच्याकडे बहुतेक १२५२. त्यात ¹ ² ³ एवढेच आहेत. ⁴ आणि ₂ तिथे नाहीतच. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये 'पायथनयूटीएफ८' (इंग्रजी कॅपिटलमध्ये, सलग) ची किंमत १ करा. पायथन ३.७ किंवा पुढचं हवं.

खटपट्या: कन्सोलचं कोडपेज ६५००१, म्हणजे युनिकोडवालं, केलं की झालं, एवढं कशाला?

टिंबटिंब: ते कन्सोलपुरतं. वळवलेलं आउटपुट त्याला विचारत नाही. करून बघा, मग बोला.

ओळखपाळख: विषय निघालाच आहे तर, देवनागरी अंक वर चढवता येतात का?

टिंबटिंब: घातांकासाठी नाहीत. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडमध्ये आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांसाठी.

घाईतला: चाललं! आता एका चलाच्या पायाशी इंग्रजी छोटा 'बी' हवाय. कोड सांगा.

टिंबटिंब: नाहीये. खालचे अंक सगळे आहेत, अक्षरं निवडकच. ए, ई, ओ, एक्स मिळतील, बी नाही.

लाटेकभक्त: मी काय म्हणत होतो?